वॉर्डात कुणी कटकट करेना

अक्का, आपलं शेवटचं बोलणं म्हणजे भांडण होतं आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. भेटायला येणाऱ्या बायका जवळ सरकून हळूच विचारतात, "शेवटी काय बोलली गं तुझ्याशी?" त्यांना वाटतं, थोरलीनं धाकटीला काहीतरी सांगून ठेवलं असेल, आईला जप, एकमेकींना धरून राहा, असं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल असं. मी खरं ते सांगते. तू म्हणालीस, "तू बस नांदेडात आकडे बघत. पेशंट माझ्यापुढं हाय, तुझ्यापुढं न्हाई." आणि फोन ठेवलास. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवता ठेवता तुझं हृदय थांबलं. भाऊजी धावत स्वयंपाकघरात गेले तेव्हा तू खाली बसलेली होतीस आणि गॅस बंद होता. छातीत कळ आल्यावर माणूस आधी हाक मारतो. तू आधी गॅस बंद केलास. आयुष्यभर भाजलेल्या माणसांच्या जखमा बघितलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? हे आठवलं की मला हसू येतं, आणि मग हसता हसता बसावं लागतं.

विचारणाऱ्या बायकांचे चेहरे उतरतात. त्यांना कसं सांगू, की आपल्या दोघींत लाडाचं बोलणं कधी नव्हतंच. एकमेकींना तोंडाला तोंड देणं, हेच आपलं लाडाचं बोलणं. उदगीरच्या एकाच घरातून निघालेल्या दोन बहिणी, तू लातूरला भाजलेल्यांच्या वॉर्डाची सर्जन आणि मी नांदेडला जंतूंची डॉक्टर. तू जखम बघायचीस, मी त्या जखमेत काय वाढतंय ते बघायचे. आईला याचं फार वाईट वाटायचं. "एकीनं तरी डोळ्याचं डॉक्टर व्हावं की न्हाई? घरात मोतीबिंदू हाय, आन् दोघी भाजल्यालं बघून राहिल्या."

आपला वाद एकच होता आणि तो केस पांढरे झाले तरी संपला नाही. भाजलेल्या माणसाच्या रक्तात जंतू शिरलेत, सेप्सिस सुरू झालाय, हे वेळेवर ओळखायचं कसं? बाहेरच्याला वाटेल, यात काय एवढं, ताप आला की ओळखावं. पण भाजलेल्याला ताप असतोच. नाडी पळत असतेच. सीआरपी म्हणून रक्तातलं एक प्रथिन आम्ही मोजतो, शरीरात कुठेही दाह झाला की ते वाढतं. भाजलेल्याचं ते पहिल्या दिवसापासून वाढलेलंच. तूच एकदा म्हणाली होतीस, "लग्नघरात गोंगाट हाय म्हणून भांडण लागलं असं म्हणावं का?" हे तुझं मला इतकं पटलं होतं की मी ते विद्यार्थ्यांना शिकवताना वापरते, आणि तुझं नाव सांगत नाही.

म्हणून मी प्रोकॅल्सिटोनिन, रक्तातलं दुसरं एक प्रथिन, धरून बसले. तो आकडा त्यातल्या त्यात शहाणा. तोही भाजल्यावर थोडा वर जातो, ऑपरेशननंतर थोडा वर जातो, पण मग खाली येतो. येत नसेल, उलट चढत असेल, तर रक्तात कुणीतरी शिरलंय असं धरून चालावं. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही, त्याची चाल बघायची. तुझ्या वॉर्डातले आकडे रोज सकाळी माझ्या फोनवर यायचे आणि मी त्यांची चाल बघून तुला कळवायचे. तू उत्तर द्यायचीस, "वाचलं. आता चहा पी."

कारण तुझी चाचणी वेगळीच होती. तुझी चाचणी म्हणजे कटकट.

राउंडला आलीस की पहिला प्रश्न सिस्टरला, "हे आज कटकट करून राहिलेत का?" अंडं कच्चं आहे, पंखा माझ्याकडे येत नाही, सून अजून भेटायला आली नाही, ड्रेसिंगवाल्याचा हात जड आहे, असं काहीही चालायचं. कटकट चालू म्हणजे माणूस ठीक. रोज भांडणारा माणूस एक दिवस "बरं हाय म्याडम, काय तक्रार न्हाई" म्हणाला, की तू जागच्या जागी रक्ताचं कल्चर लावायचीस, त्यात जंतू उगवतात का बघायला. "रक्तात जंतू गेले की आधी मेंदू सुस्तावतो," तू म्हणायचीस, "आन् मेंदू सुस्तावला की माणूस शहाण्यासारखा वागतो." मी म्हणायचे, हे मोजता येत नाही. तू म्हणायचीस, "तुला येत न्हाई."

या चाचणीनं तुला एकदा चांगलंच तोंडावर पाडलं होतं, ते मात्र तू कुणाला सांगू द्यायची नाहीस. आता सांगते. देगलूरकडचे एक रिटायर्ड मास्तर तुझ्या वॉर्डात होते. बंब पेटवताना हात भाजलेला. रोज विचारलं की हात जोडायचे, "उत्तम आहे, आभारी आहे." तुला लगेच संशय. कल्चर. पुन्हा, "सिस्टर फार गुणी आहेत." पुन्हा कल्चर. मी नांदेडहून फोन करून विचारलं, मास्तरांचं रक्त काढून काढून संपवायचंय का, एकातही जंतू नाही. शेवटी डिस्चार्जच्या दिवशी मास्तर दाराशी थांबले, टोपी घातली आणि साठवून ठेवलेलं एकेक सांगायला लागले. उशी, मच्छर, शेजारच्या खाटेवरचा मोबाइल, आणि सगळ्यात शेवटी, "आणि बाई, तुम्ही फार रक्त काढता." तू त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेलीस आणि तिथून मला फोन केलास. हसण्यामुळे तुला बोलता येत नव्हतं.

आणि बिलोलीचं लग्न. पंगतीत बसून आपण प्रोकॅल्सिटोनिनवर भांडत होतो. जिलेबी वाढणारा समोर ताट धरून उभा, आणि तू हात नाचवून म्हणतेस, चढणार, चढणारच. लांबच्या ओळीत बसलेल्या आत्याला दोन बहिणींची नुसती थोबाडं दिसली. संध्याकाळपर्यंत उदगीरला बातमी पोचली, की पोरींचं शेतावरून वाजलं. आईनं आपल्या दोघींना समोर बसवून विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "आई, शेत तिलाच देऊन टाक. तिला काय, जंतूच पेरायचेत." इतकी हसवणूक माझ्या वाट्याला आली, अक्का, आता तुझ्यामागं मी रडगाणं काय गाऊ?

तर केरबा. तू गेलीस तेव्हा आपलं भांडण ज्याच्यावरून चाललं होतं, तो हा.

केरबा मुरुडचा आचारी. पंचक्रोशीतली लग्नं त्याच्या हातची. भज्यांचा घाणा चालू असताना चुलीच्या विटा खचल्या, कढई कलंडली आणि उकळतं तेल दोन्ही पायांवर आणि पोटावर गेलं. तुझ्या वॉर्डात आल्यावर शुद्धीवर येऊन पहिल्यांदा काय बोलला, तर वरणाबद्दल. "ह्याला फोडणी कुणी दिली? जिरं करपलंय." तू तेव्हाच मला कळवलंस, "देवमाणूस आलाय." तुझ्या दृष्टीनं असा पेशंट म्हणजे सोनं. रोज वरण, रोज नवी तक्रार. हिंग नाही, डाळ घोटलेली नाही, भातात पाणी राहिलंय. सिस्टर वैतागायच्या आणि तू खूश.

त्याच्या पायांवर नवी कातडी लावलीस. आकडा चढला, ऑपरेशननंतर चढतोच, मी काही बोलले नाही. पण तो उतरेना. तू गेलीस त्याच्या आदल्या संध्याकाळी मी फोन केला, की चाल बरोबर नाही, अँटिबायोटिक सुरू कर. तू म्हणालीस, "आज सकाळी त्यानं वरण परत पाठवलंय. सेप्सिस झाल्यालं माणूस फोडणीवर बोलतंय का?" मी म्हटलं, वाट बघू नकोस. तू माझंच हत्यार माझ्यावर फिरवलंस. "जगाला तूच सांगत हिंडतीस ना, उगाच औषध दिलं की जंतू माजतात म्हणून? मग? उद्याचा आकडा येऊ दे, कल्चर लावते, थांबू." मग ते नांदेडात आकडे बघत बसायचं वाक्य. मग फोन बंद.

राख सावडून लातूरला तुझ्या घरी आलो त्या दिवशी निलोफरचा फोन आला. तुझ्या हाताखालची निलोफर, तू जिला ओरडायचीस आणि मग तिच्या डब्यातला खिमा खायचीस, तीच. म्हणाली, "ताई, केरबाचा आकडा आज अजून वर आहे. फार नाही. कल्चरमध्ये अजून काही उगवलेलं नाही. विभागाचे मोठे सर उद्या येतायत. मॅडम शेवटचं म्हणाल्या होत्या की थांबा. मी काय करू?" तिचा आवाज ऐकून मला कळलं, गाडी कुठे अडली आहे. तू जिवंत असतीस तर 'थांबा' हा नुसता एक विचार असता, दुसऱ्या दिवशी बदलला असतास. तू गेलीस आणि तो मॅडमचा शेवटचा शब्द झाला. तो मोडायची वॉर्डात कुणाची छाती होईना. आणि तिकडे एका माणसाचा जीव टांगणीला लागलेला.

मी विचारलं, "कटकट करतोय का?"

निलोफर म्हणाली, "ताई, कुणीच करेना."

सुतकात दवाखान्यात कसं जायचं, हे मी तोंडानं विचारलंही नव्हतं. आईनं भिंतीशी बसल्या बसल्या सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "जा. तिच्या पेशंटला कसलं आलंय सुतक." लेक गेलेली बाई आणि अशी बोलली. तुझी जीभ कुणावर गेली होती ते मला त्या दिवशी नीट कळलं.

अक्का, तुझा वॉर्ड मी तसा कधीच पाहिला नव्हता. गाऊन-मास्क चढवून आत गेले तर कुठे हूं नाही की चूं नाही. पंख्यावरून रोज जग डोक्यावर घेणारी ती निलंग्याची बाई म्हणाली, "पंखा लई चांगला हाय, ताई." अंड्याकडे बघून नाक मुरडणारा पोऱ्या निमूट अंडं खात होता. ड्रेसिंग चालू होतं आणि कुणी ओरडत नव्हतं. तू गेलीस म्हणून सगळा वॉर्ड शहाण्यासारखा वागत होता. तुझा नियम लावला तर त्या क्षणी तिथल्या प्रत्येक माणसाला सेप्सिस होता. तुझी चाचणी तुझ्या जाण्यानंच बिघडवून ठेवलीस, बाई. मला मास्कच्या आत हसू आलं आणि रडूही आलं.

केरबाच्या पुढ्यात वरण-भात तसाच होता. म्हटलं, "मामा, जेवला नाहीत?" तर म्हणाला, "चांगलं हाय वरण. गळ्याखाली उतरंना. म्याडमची याद येती." आता मी काय समजायचं? दुःखानंही घास उतरत नाही आणि सेप्सिसनंही उतरत नाही. दोन्हीत माणूस गप्प होतो. आकडा थोडाच वर, कल्चर कोरं. माझ्याकडे जे होतं ते सगळं मी बघितलं होतं आणि त्यानं भागत नव्हतं.

मग मी तुझ्यासारखं केलं. भांडण उकरून काढलं.

वॉर्डाच्या मधोमध उभी राहिले आणि मोठ्यानं निलोफरला म्हणाले, "तेराव्याचं जेवण ठरलंय. आचारी उदगीरचा. बुंदीत रंग घालणारेय. आणि वरण कुकरमध्ये लावणार, घोटत कोण बसतंय." निलंग्याच्या बाईनं मान वळवली. "कुकरमंदी? एवढ्या माणसाचं वरण कुकरमंदी?" पोऱ्या अंडं गिळून म्हणाला, "रंगाची बुंदी खाऊन माझ्या मामाला उलट्या झाल्त्या." कोपऱ्यातल्या आजोबांनी उदगीरच्या आचाऱ्यांचा उद्धार केला. एकीनं त्यांना उत्तर दिलं, ती उदगीरची निघाली. सिस्टर हातातलं ड्रेसिंग घेऊन बघत राहिल्या. ज्याच्या त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं की राग आला होता कोण जाणे, पण सगळा वॉर्ड एकदम बोलत होता, आणि मी त्या गलक्यात उभी राहून एकाच माणसाकडे बघत होते.

ज्याची खरी हद्द होती तो केरबा उशीवर मान टेकून म्हणाला, "कराल ते चांगलंच व्हईल, ताई."

मी त्याचा हात धरला. कपाळाला हात लावला तर तापलेलं आणि बोटं गार. श्वास भराभर चाललेला. निलोफर माझ्याकडे बघत होती. म्हटलं, आत्ता सुरू कर. ती म्हणाली, "पण मॅडमनी..." मी म्हटलं, "मॅडमनी तुला काय शिकवलं? मुरुडचा आचारी कुकरच्या वरणाला चांगलं म्हणाला तर काय करायचं?" तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याच वेळी हात चालायला लागले. मोठ्या सरांना फोन लावला, सलाईन वाढवलं, औषध सुरू झालं. ड्रेसिंग सोडलं तर नव्या कातडीच्या कडेला हिरवट झाक. दुसऱ्या दिवशी कल्चर उगवलं. स्यूडोमोनास, माझा जुना ओळखीचा जंतू. निलोफरनं सुरू केलेल्या औषधाला तो दबणारा निघाला आणि माझा जीव भांड्यात पडला.

पुढचे काही दिवस वाईट गेले. केरबा दुसऱ्या खोलीत, मशिनच्या आवाजात. मी नांदेडला गेलेच नाही. खरं सांगू, त्या दिवसांत मला तुझ्यासाठी रडायला सवड झाली नाही. सकाळ झाली की आधी आकडा. भाऊजी चहा द्यायचे आणि विचारायचे, "उतरला का?" आई विचारायची, "उतरला का?" तुझ्या घरात सुतकाच्या दिवसांत तुझ्या पेशंटचं प्रोकॅल्सिटोनिन रोज निघत होतं. मग एका सकाळी उतरला. दुसऱ्या दिवशी आणखी उतरला. आईनं देवापुढं साखर ठेवली. सुतकात चालत नाही, तरी ठेवली.

आता सांग, कोण जिंकलं? आकडा आधी चढला होता, मी आदल्या संध्याकाळीच सांगितलं होतं. तू म्हणशील, आकडा चढला तेव्हा तुझाही हात उचलला नव्हता, नुसता फोन केला होतास. कटकट थांबली तेव्हा पळालीस. हे तू म्हणशीलच. मला ते शब्दन् शब्द ऐकू येतंय आणि माझ्याकडे त्याला उत्तरही आहे, पण ऐकणार कोण? हा भाग मात्र जड जातो, अक्का. तू नसण्याची सवय होईल म्हणतात. तू उलट उत्तर न देण्याची कशी व्हायची?

निलोफरनं एक गोष्ट सांगितली, ती तू कधी बोलली नाहीस. म्हणाली, मॅडम राउंडला निघायच्या आधी दारात थांबून विचारायच्या, नांदेडचा मेसेज आला का. आला नसेल तर उगाच फाइली चाळत बसायच्या. ऐकलं आणि मी जिन्यात जाऊन बसले. कारण मीही आकडे उघडायच्या आधी निलोफरला विचारत असे, जेवले का सगळे, बोलतायत का. ते मी तुला कधी सांगितलं नाही आणि हे तू मला सांगितलं नाहीस. बरंच झालं. कळलं असतं तर आपण भांडलो कशावरून असतो?

तेरावं झालं. उदगीरचा आचारी खरंच आला होता, तेवढं मी खोटं बोलले नव्हते. वरण मात्र त्यानं मोठ्या पातेल्यात शिजवलं. माणसं खूप आली. भाजून बरे झालेले, हातावर पायावर तुझी शिवण घेऊन हिंडणारे किती जण. देगलूरचे मास्तर आले, जेवले, हात जोडून म्हणाले, "उत्तम होतं." मी त्यांच्याकडे जरा संशयानं बघितलं.

मग निलोफरला विचारून बुंदी आणि वरणाचा डबा घेऊन वॉर्डात गेले. केरबाला पुन्हा खाटेवर आणलं होतं. गालफडं बसलेली, आवाज खोल गेलेला. सिस्टरनं त्याच्या हातावर बुंदीचे चार दाणे ठेवले. त्यानं ते तोंडात टाकले, जिभेवर घोळवले, आणि त्याच्या कपाळाला हळूहळू आठ्या पडायला लागल्या.

"ही कुणी केली?" तो म्हणाला.

मी डबा मागं सरकवला.

"पाक कच्चा हाय. तेल जुनं हाय. म्याडमच्या नावाचं जेवण, आन् असली बुंदी वाढली लोकास्नी?" तो कोपरावर उठायला बघत होता, सिस्टर त्याला धरत होत्या. "न्हाई, त्याला बोलवा हितं. बोलवा त्याला. म्या आडवा झालो म्हणून काय म्याडमला असं करावं व्हय? लाज न्हाई वाटत?" डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि शिव्या थांबत नव्हत्या. निलंग्याच्या बाईनं त्याला साथ धरली. पोऱ्यानं बुंदी खाऊन पाहिली आणि तोही म्हणाला, रद्दी. सगळा वॉर्ड तुझ्या जेवणावर तुटून पडला, अक्का, आणि मी भिंतीला टेकून मास्क भिजेपर्यंत हसत होते.

निलोफर सुई आणि नळी घेऊन आली. "ताई, याचं आजचं रक्त काढायचं राहिलंय. काढू?"

मी म्हटलं, "आज नको."